विंचू उतरवणारा

गावठी औषधाची थट्टा मी करत नाही. खोकल्याला आजीचा अडुळसा, पोट दुखलं की ओवा, यावरच आम्ही भावंडं वाढलो. पण शहरात बसून कुणी मांत्रिकाची थोरवी लिहिली, की माझं डोकं फिरतं.

आमच्या महाडकडे विंचू दोन. काळी इंगळी चावली तर माणूस रात्रभर बोंबलतो आणि सकाळी आपोआप बरा होतो; नाव मांत्रिकाचं. लाल विंचू चावला की दरदरून घाम, हातपाय गार, मग छातीत पाणी. माझा चुलतभाऊ भाताचे भारे उचलताना सापडला. रात्रभर मंत्र चालले. पहाटे तोंडाला गुलाबी फेस आला. अकरा वर्षांचं पोर ते.

आणि उतारा तेव्हा निघालेला होता हो! आमच्याच तालुक्यात, बिरवाडीच्या सरकारी केंद्रात नोकरी केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी रात्री जागवून, नाडी, रक्तदाब टिपून तो शोधला. प्राझोसिन, रक्तदाबाची साधी गोळी. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापूनही आलं. मंत्र पिढ्यान्‌पिढ्या चालले. त्यात किती मेले, हे कुणी कधी टिपलं?

पण 'लॅन्सेट' आमच्या वाडीत कोण वाचणार? सांगायला एक सरकारी माणूस डोंगर चढला नाही. मांत्रिक मात्र हाकेसरशी अंधारात चढून आला, पैसाही घेतला नाही. चुलत्याने त्याच्यावर विश्वास ठेवला. दुसरं दारात होतंच कोण?