मूल असेल तिथे



दसरा-दिवाळीच्या सुमाराला आपल्या घरांत चकल्यांची भाजणी दळून येते आणि बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पण गाडीत या जोडीसोबत मुलंही बसतात. शाळेचं दुसरं सत्र सुरू होतं तेव्हा ती पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहायला गेलेली असतात. हंगाम संपून परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीआधी मी तिकडच्या एका तांड्यावरच्या शाळेत गेलो होतो. चौथीतली एक मुलगी दारात उभी होती, कडेवर वर्षभराचा भाऊ. गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होती. तिने मराठीचं पुस्तक बाईंपुढे धरलं, एका धड्याच्या पानाचा कोपरा दुमडला आणि विचारलं, "बाई, आल्यावर इथून पुढं वाचू ना?" बाईंनी मान हलवली. मग त्या हजेरीपटाकडे बघत बसल्या. पटावरच्या एकवीस मुलांपैकी तेरा जाणार होती.

यंदाच्या दिवाळी अंकाचा मुख्य विषय आम्ही 'शाळा' हा घेतला तो त्या दुपारमुळे. 'बालकेंद्री शिक्षण' हा शब्द गेली कित्येक वर्षं आपण वापरतो आहोत. शब्द चांगला आहे. पण केंद्रात मूल ठेवायचं तर ते आत्ता कुठे आहे, हे आधी बघावं लागतं. शाळेची इमारत, वेळापत्रक आणि सत्रं एका जागी पक्की करायची आणि त्यात न मावणाऱ्या मुलाला 'शाळाबाह्य' म्हणायचं, यात शिक्षणाचा केंद्रबिंदू शाळा होते. शाळेबाहेर कोण गेलं, मूल की शाळा, हा प्रश्न मला त्या शब्दाने कायम पडतो.

या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्राच्या मातीत एकदा शोधून झालेलं आहे. 1945 साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बोर्डी गावी आल्या. ताराबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम उभं केलेल्या. बोर्डीत बालवाडी काढली, पण वस्त्यांवरची मुलं तिथवर येईनात. मुलं येत नाहीत म्हणून पालकांना बोल लावण्याचा सोपा रस्ता दोघींपुढे होता. त्यांनी बालवाडीच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, वेण्या घालायच्या आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. मोंतेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. शिंपले, बिया, खडे, पानं यांवर मोजणी आणि वर्गवारी सुरू झाली. तीच अंगणवाडी. आज देशभर हा शब्द रुळलाय, त्यामागचं अंगण मात्र आपल्याला फारसं आठवत नाही.

पुढे 1957 मध्ये काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली मुलं गुरांमागे रानात असायची, तेव्हा शाळा कुरणात भरली. तिला नावच कुरणशाळा पडलं. मला सगळ्यात मोलाची वाटते ती विकासवाडी: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. कारण साधं होतं. धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून मोठी बहीण घरी राहायची. बाळाला जागा केली की बहीण वर्गात येऊन बसत होती. कुठल्याही मोठ्या सिद्धान्ताआधी त्या दोघींनी कडेवरचं मूल पाहिलं.

शाळा माणसासारखी व्हायची तर सुरुवात इथून व्हावी, असं मला मनापासून वाटतं. मुलाची भूक, झोप, त्याच्या अंगावरची जबाबदारी हे शिक्षणाआधीचे प्रश्न समजू नयेत. शिक्षणच तिथून सुरू होतं. घरची भाषाही तशीच. तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं, पाड्यावरचं वारली. पहिल्याच दिवशी त्याच्या बोलण्याला 'अशुद्ध' म्हटलं की ते गप्प होतं, आणि गप्प झालेल्या मुलाला काय येतं ते कुणालाच कळत नाही. आणि शिक्षक. ज्या बाईंना दिवसातून चार वेळा कुठली तरी ऑनलाइन माहिती भरायची आहे, त्यांच्याकडे एका मुलीच्या दुमडलेल्या पानासाठी वेळ कुठून येणार? शिक्षकाला माणूस म्हणून वागवलं नाही तर मुलापर्यंत काहीच पोचत नाही.

ऊसतोडीच्या मुलांसाठी काहीच झालं नाही असं नाही. साखर कारखान्यांजवळ साखरशाळा झाल्या, गावातच मुलांना ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहं आली, स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळालं. पण कार्ड दाखवायला फडाजवळच्या गावातल्या शाळेपर्यंत चालत जावं लागतं, आणि कोपीत बाळ असतं. 2010 पासून सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा कायदेशीर हक्क आहे. तो हक्क फडापर्यंत नेण्याचं काम अनुताईंच्या वाटेनं जाणाऱ्या माणसांनाच करावं लागेल आणि सरकारने त्यांना पगार, गाडी, पाळणाघर द्यायला हवं.

या अंकातले लेख याच वाटेवरचे आहेत. लिहिणाऱ्यांत शिक्षक आहेत, पालक आहेत, एकेकाळी कोपीत वाढलेले आणि आता शिकवणारेही आहेत. त्यांचं म्हणणं सावकाश वाचा. 

एप्रिलमध्ये मी त्या बाईंना फोन केला. मुलगी परत आली होती. पुस्तकही आलं होतं, भिजून फुगलेलं, मुखपृष्ठ बाळाने फाडलेलं. वर्ग तोवर शेवटच्या धड्यापर्यंत पोचला होता. बाईंनी दुमडलेलं पान शोधलं आणि शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास, तिथूनच पुढे, तिला वाचायला बसवलं. बाळ शेजारी सतरंजीवर झोपलेलं असायचं.