पेशी दिल्या, नोंद कुठे?

गुडघ्याच्या संधिवातावर पेशींचे इंजेक्शन तयार करण्याचे काम बेंगळुरूतल्या मणिपाल समूहाच्या स्टेमप्युटिक्स कंपनीने तडीस नेले. २०२२ मध्ये औषध महानियंत्रकांनी त्याला परवानगी दिली. निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतून काढून वाढवलेल्या अडीच कोटी पेशी एकाच वेळी सांध्यात सोडल्या जातात. त्याआधी, २०१७ मध्ये, मुंबईच्या रिग्रो कंपनीच्या ‘कॉन्ड्रॉन’ला मान्यता मिळाली होती. त्यात रुग्णाच्याच कूर्चेचा छोटा तुकडा दुर्बिणीने काढून त्यातील पेशी काही आठवडे प्रयोगशाळेत वाढवतात आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत खड्डा पडलेल्या जागी बसवतात. ही कामगिरी मोठी आहे, आणि म्हणूनच तिची काळजी वाटते.

हाड मोडले तर जुळते. कूर्चेला रक्तवाहिन्याच नसल्याने ती स्वतःहून भरून येत नाही. विल्यम हंटर या शल्यवैद्याने हे १७४३ मध्येच लिहून ठेवले होते. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी १९८७ पासून पेशी रोपण्याचा मार्ग अवलंबला आणि १९९४ मध्ये २३ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पण हे रोपण प्रामुख्याने कबड्डीत किंवा अपघातात गुडघ्याला इजा झालेल्या, बाकी सांधा शाबूत असलेल्या तरुणासाठी आहे. सारा सांधाच झिजलेल्या आजींना त्याचा उपयोग नाही. ‘वाटी न बदलता गुडघा बरा’ अशी जाहिरात करणारे हा फरक सांगत नाहीत.

पुरावा काय म्हणतो? बेंगळुरूच्या इंजेक्शनची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी १४६ रुग्णांवर झाली. वर्षभरात वेदना आणि ताठरपणा नकली इंजेक्शनच्या तुलनेत अधिक कमी झाला. हे दिलासादायक आहे. मात्र नवी कूर्चा उगवली, असे त्यातून सिद्ध होत नाही. रोपणाचेही तसेच. नॉर्वेत ८० रुग्णांवर रोपण आणि हाडाला बारीक छिद्रे पाडण्याची जुनी, स्वस्त पद्धत यांची तुलना झाली. १५ वर्षांनंतरही दोन्हींत लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र दुसऱ्या एका चाचणीत मोठ्या खड्ड्यांवर पेशींच्या सुधारित पद्धतीचा निकाल दोन वर्षांनी छिद्रांच्या पद्धतीपेक्षा सरस ठरला. म्हणजे लाभ कोणाला आणि किती वर्षे, हे अनेक रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेतल्यावरच कळेल.

तो मागोवा आपल्याकडे कोण घेतो? स्वीडनने कृत्रिम गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ मध्ये सुरू केली. आपल्याकडे सांधेबदलाची नोंददेखील डॉक्टरांच्या स्वेच्छेवर आहे. निपाणी-बेळगावहून बेंगळुरूला किंवा सोलापूरहून पुण्याला गेलेला रुग्ण परत गावी आला की त्याच्या गुडघ्याचे पुढे काय झाले, हे कोणालाच ठाऊक नसते. कर्ज काढून उपचार घेणाऱ्या कुटुंबावर हा सरळ अन्याय आहे. सरकारने २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला, तेव्हा खर्च किती घटू शकतो ते दिसले. पेशींच्या उपचारांची किंमतही तपासायला हवी. पण निकालच हाती नसतील तर वाजवी किंमत ठरणार कशी?

परवानगीला अटी जोडण्याचा अधिकार औषध महानियंत्रकांना आहे. पेशी मिळालेल्या प्रत्येक रुग्णाची किमान दहा वर्षांची नोंद, अपयशांसह आणि नाव उघड न करता, सर्वांना पाहता येईल अशी अट त्यांनी घालावी. मान्यता नसलेल्या पेशी टोचणाऱ्या दवाखान्यांवर नव्या औषधांसंबंधीच्या २०१९ च्या नियमांनुसार कारवाईही सोबतच सुरू व्हावी.