पॅकअपनंतरची जबाबदारी

परंड्याची शीव ओलांडली की करमाळा तालुका लागतो. तिथल्या केम गावात हलगी वाजवणारा सोमनाथ अवघडे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांच्या नजरेत भरला आणि ‘फँड्री’ला त्याचा बालनायक जब्या मिळाला. २०१४मध्ये चित्रपट लागला, सोमनाथला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. ‘फ्री हिट दणका’मध्ये तो नायक म्हणून दिसायला मात्र २०२१ उजाडलं.

यात आपल्या सिनेमाच्या धंद्याची रीत दिसते. गावातलं पोर आपण निवडतो ते त्याच्या रापलेल्या चेहऱ्यासाठी, बोलीतल्या हेलासाठी. सेटवर त्याला बजावतो, ‘अ‍ॅक्टिंग करू नको, आहेस तसाच राहा.’ चार वर्षांनी त्याला मिसरूड फुटतं, आवाज फुटतो. तो ऑफिसात आला की आपण शोरील मागतो, शुद्ध उच्चार मागतो. ज्यासाठी घेतलं ते वयाबरोबर गेलं आणि जे आता हवंय ते आपण शिकवलंच नाही. सचिन पिळगांवकर ‘हा माझा मार्ग एकला’मधल्या बालभूमिकेपासून ‘गीत गाता चल’च्या (१९७५) नायकापर्यंत पोहोचले, कारण मधली वर्षंही ते सेटवरच शिकत होते. त्यांचं घर मुंबईत होतं. केम किंवा कळंबच्या मुलाला ती सोय नाही.

शाळेचंही तेच. ‘सैराट’नंतर त्याच्या नायिकेला, अकलूजच्या रिंकू राजगुरूला, बघ्यांच्या गर्दीमुळे शाळा सोडून दहावी बाहेरून द्यावी लागली. तिनं पुढे बारावी केली, कामही मिळवलं. हे तिचं आणि घरच्यांचं श्रेय. आपलं त्यात फार काही नाही.

पैशाचा धडा जुना आहे. चॅप्लिनच्या ‘द किड’मधला (१९२१) जॅकी कूगन मोठा झाला तेव्हा त्याची कमाई घरच्यांनी उडवलेली होती. त्यातून १९३९मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला. आपल्याकडे बालकामगार कायद्याचे २०१७चे सुधारित नियम आहेत. चौदा वर्षांखालच्या कलाकारासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त ५ तास काम, सलग ३ तासांनंतर विश्रांती, सलग २७ दिवसांहून जास्त काम नाही, आणि किमान २० टक्के मानधन मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव.

ही निर्मात्यावरची सक्ती आहे, मेहेरबानी नव्हे. तेव्हा भूम-परंड्यात लोकेशन बघायला येणाऱ्यांनी आधी धाराशिवच्या जिल्हाधिकारी कार्यालयाची पायरी चढावी. ठेवीची पावती पालकांच्या हाती द्यावी आणि ती कधी मोडता येईल, हेही समजावून सांगावं. बुडालेला अभ्यास भरून निघेल इतके शिक्षकाचे पैसे बजेटमध्ये धरावेत. २०१७चं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन धाराशिव शहरातच झालं. इथल्या नाट्यकर्मींशी त्या मुलाची गाठ घालून द्यावी, म्हणजे पुढचा चित्रपट येईतो त्याचा हात चालता राहील. आणि पालकांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावं: दुसरा चित्रपट मिळेलच असं नाही, शाळा सोडू नका.

एवढं जमणार नसेल, तर गावातलं पोर पडद्यावर आणू नये.