घरसंसार : खुर्ची करणारे हात

गेल्या वैशाखात आमच्या पुतणीचे लग्न झाले. विहारात, बौद्ध पद्धतीने, थोडक्यात आणि नेटके. मुलाकडची मंडळी चळवळीतली. "आम्हाला काही नको," असे त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकले. मात्र उठता उठता त्यांच्यातले एक वडीलधारे म्हणाले, "पोरीच्या संसाराला लागेल ते तुम्ही द्यालच." या एका वाक्याने आमच्या वहिनींची झोप उडाली. संसाराला लागेल ते म्हणजे काय, हे आज कोणाला विचारावे लागत नाही. पलंग, गादी, कपाट आणि आरशाचे टेबल. हुंड्याचे नाव गेले, पण टेम्पो भरून सामान जाते ते जातेच.

वहिनी चार घरची धुणीभांडी करतात, भाऊ वॉचमन. दोघे दुकानात गेले. दुकानदाराने पलंगावर थाप मारून सांगितले, "ताई, अस्सल लाकूड आहे. नातवंडे खेळतील यावर." पलंग आणि कपाट मिळून २८ हजार. ४ हजार रोख आणि दीड-दीड हजाराचे १८ हप्ते, म्हणजे व्याजासह ३१ हजार. सामान वाजतगाजत मुलीच्या घरी गेले.

मग पाऊस लागला. मुलीची खोली तळमजल्यावरची, भिंतीला ओल. भाद्रपदात पलंगाची कड फुगली, वरचा चकचकीत कागद सुटला आणि एक दिवस खालच्या पेटीचे झाकण बिजागरीसकट हातात आले. ओळखीच्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी फुटलेल्या कडेवरून बोट फिरवले आणि बोटाला लागलेला भुसा दाखवून म्हणाले, "वहिनी, हे लाकूड नाही. भुशाची फळी आहे. हिच्यात निघालेला स्क्रू पुन्हा धरत नाही. मी तरी काय करणार?" तोवर चार हप्ते भरले होते. चौदा बाकी होते.

वाचकहो, ही गोष्ट एका घरची नाही. म्हणून आपल्या घरात येणारे हे सामान आज होते कसे, त्यात असते काय आणि ते करतो कोण, याची थोडी माहिती या आठवड्यात देत आहोत.

पूर्वी गावात सुतार हा बलुतेदार. नांगर, गाडी, दार-चौकट हे त्याचे मुख्य काम. महारवाड्यातल्या घरात फर्निचर म्हणावे असे फारसे नसायचेच. एखादी बाज, पत्र्याची पेटी आणि भिंतीला फळी. आपली माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत आली तेव्हा चाळीच्या खोलीत लोखंडी खाट आणि ट्रंक आली. मागून कपाट आले. गोदरेज कंपनीने १९२३ साली पोलादी कपाटे करायला सुरुवात केली आणि ते नाव इतके रुजले की आज कोपऱ्यावरच्या कारागिराने केलेल्या कपाटालाही आपण 'गोदरेजचे कपाट'च म्हणतो.

लाकडाचे चित्र पालटले ते १९९६ नंतर. त्या वर्षी १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात देशभरच्या जंगलतोडीला मोठा लगाम घातला. ईशान्येकडच्या राज्यांतला जंगलाच्या लाकडावर चालणारा प्लायवूडचा धंदा बसला. कारखान्यांना शेतात वाढवलेली झाडे शोधावी लागली. पंजाब, हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेशातले शेतकरी बांधावर पॉपलर आणि निलगिरी लावत होते. त्या लाकडावर हरियाणातले यमुनानगर प्लायवूडचे मोठे केंद्र झाले. केरळात पेरुंबवूरचे कारखाने रबराच्या जुन्या झाडांवर चालतात. आपल्या आलापल्ली-बल्लारशाचे सागवान आजही नावाजलेले आहे, पण ते घनफुटाच्या भावाने विकले जाते आणि कामगाराच्या खिशाला परवडत नाही. म्हणून आज सामान्य घरात येणारे 'लाकडी' फर्निचर बहुतेक करून तयार फळ्यांचे असते.

या फळ्यांचे तीन प्रकार लक्षात ठेवावेत. पहिला प्लायवूड. यात झाडाचा ओंडका यंत्रावर फिरवून त्याची पातळ साल काढतात, तसे थर एकावर एक आडवे-उभे ठेवून, सरस लावून गरम दाबयंत्रात दाबतात. तिन्हींत हा टिकाऊ. दुसरा एमडीएफ. लाकडाचे तंतू सुटे करून, त्यात सरस मिसळून दाबलेली ही गुळगुळीत फळी. तिसरा पार्टिकल बोर्ड, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत भुशाची फळी. लाकडाचे तुकडे, छिलके, काही ठिकाणी उसाचे चिपाडही सरसात कालवून दाबतात. हा तिन्हींत स्वस्त. वरून तिघांनाही एकाच रंगाचा, लाकडाच्या रेषा छापलेला कागद किंवा लॅमिनेट चिकटवले की डोळ्यांना फरक कळत नाही. दुकानदाराचा सारा खेळ तिथेच चालतो.

पार्टिकल बोर्ड म्हणजे फसवणूकच, असे आम्ही म्हणत नाही. कोरड्या खोलीत, भिंतीवरच्या हलक्या कपाटाला तो चालतो. पण ओलीच्या खोलीत, जमिनीला टेकून, माणसांचे वजन पेलायला तो चालत नाही. तो लाकूड म्हणून विकणे ही मात्र फसवणूकच आहे.

करण्याची पद्धतही बदलली. कारखान्यात करवतीचे यंत्र मापात फळ्या कापते, दुसरे यंत्र कडेला पट्टी चिकटवते, तिसरे भोके पाडते. सुटे भाग खोक्यात भरून घरी येतात आणि स्क्रू पिळून जोडले जातात. स्वीडनची आयकिया कंपनी याच पद्धतीवर मोठी झाली. तिने २०१८ साली हैदराबादला आणि डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भे येथे दुकान उघडले. गल्लीतल्या मिस्त्रींचे काम यामुळे दोन्ही बाजूंनी कमी झाले. श्रीमंतांच्या घरी तयार मोड्युलर किचन आले, गरिबाच्या घरी हप्त्याचा पलंग आला. दुरुस्तीचे कामही उरले नाही, कारण भुशाची फळी दुरुस्त होत नाही, ती फेकावी लागते.

आता खरेदीच्या चार गोष्टी सांगतो. पलंग घेताना गादी उचलून खालची फळी पाहावी. जिथे पट्टी लावलेली नाही अशी एखादी कड किंवा स्क्रूचे भोक शोधावे. थर दिसले तर प्लायवूड, कण दिसले तर भुसा. प्लायवूडवर आयएसआयची खूण असते. खुणेच्या वर लिहिलेला ३०३ हा आकडा साध्या प्लायवूडचा आणि ७१० हा पाण्यात जास्त टिकणाऱ्या मरीन प्लायवूडचा. खुणेखालचा परवाना क्रमांक खरा की खोटा, हे मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमध्ये तपासता येते. घरातल्या शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सोबत न्यावे. पत्र्याचे कपाट घेताना गेज विचारावा. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, म्हणजे २२ पेक्षा २० गेज भक्कम. कारागिराकडून गेज लिहून घ्यावा. आणि बिलावर 'बेड १ नग' एवढेच लिहून घेऊ नये. कशाचा बेड, कोणती फळी, किती वर्षांची हमी, हे लिहून द्यायला सांगावे. लिहून द्यायला जो कचरतो, त्याच्याकडे घेऊ नये.

फसगत झालीच तर गप्प बसू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. आमच्या वहिनींनी आधी १९१५ ला फोन लावला, मग पुतणीने तक्रार लिहून काढली. "कोर्टकचेरी आपल्याला कशाला," असे भाऊ म्हणत होते. वहिनी म्हणाल्या, "हप्ते भरायला आपण लागतो, मग कचेरी का नको?"

हे झाले विकत घेणाऱ्याचे. करणाऱ्याचे काय? वस्तीतली कितीतरी मुले आज फर्निचरच्या कारखान्यांत आणि वर्कशॉपमध्ये आहेत. पॉलिश मारणे, फळी कापणे, सामान चढवणे-उतरवणे ही त्यांची कामे. लाकडाची बारीक धूळ नाकातोंडात जाते. फळ्यांच्या सरसात फॉर्मल्डिहाइड नावाचे रसायन असते, त्याच्या वाफेने डोळे चुरचुरतात. ही धूळ आणि हे रसायन, दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले आहेत. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. चांगला मास्क, धूळ ओढणारा पंखा आणि करवतीच्या पात्यावर जाळी हवी. जाळी काढून काम उरकते, पण बोट गेले तर परत येत नाही. कारखान्यात १० किंवा जास्त कामगार असतील तर ईएसआयचा हक्क असतो. आपल्या मुलाचे कार्ड निघाले की नाही, हे आईबापांनी विचारावे.

मजूर म्हणून शिरलेल्या मुलाने मजूरच राहावे, असे मात्र नाही. सुतारकाम एकेकाळी जातीने बांधलेले होते. रंधा कोणी धरायचा, हे जन्माने ठरे. यंत्राने मिस्त्रीचा धंदा कमी केला हे खरे, पण त्याच यंत्राने ही बेडीही सैल केली. करवतीच्या यंत्राला चालवणाऱ्याची जात कळत नाही. त्याला माप कळले पाहिजे एवढेच. आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, आठवी झालेल्यालाही प्रवेश मिळतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्राने सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम धरून १८ कामे घेतली. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख कर्ज, अशी तिची रचना. ती स्वतःचा धंदा हाताने करणाऱ्यासाठी आहे, जातीची अट तिच्यात नाही. आपल्या भागात नोंदणीची काय स्थिती आहे, ते सेवा केंद्रात जाऊन विचारावे.

बांबूचीही वाट आहे. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर लावलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेतातला बांबू तोडायला आणि न्यायला वनखात्याचा तो अडथळा राहिला नाही. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबू-वेताच्या फर्निचरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. लाकडी फर्निचरवर तो १८ टक्के आहे. बुरूड बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या टोपल्या-सुपे विणून जे कसब जपले, त्याची खुर्ची होऊ लागली तर भाव त्यांच्याही हाती आला पाहिजे.

शेवटी एक गोष्ट सांगितल्याशिवाय लेखणी ठेववत नाही. खुर्ची ही आपल्याला कधीच नुसती वस्तू नव्हती. शाळेत इतर मुलांपासून वेगळे, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तो काळ गेला असे वाटते. पण एप्रिल २०१९ मध्ये उत्तराखंडच्या टिहरी गढवाल जिल्ह्यात एका लग्नात सवर्णांसमोर खुर्चीवर बसून जेवला म्हणून एका दलित तरुणाला मारहाण झाली, अशी तक्रार त्याच्या घरच्यांनी केली. नऊ दिवसांनी तो गेला. आरोपींनी आरोप नाकारले. तो तरुण कामाने सुतार होता. शिक्षण सोडून, गावोगाव लाकूडकाम करून तो घर चालवत होता.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. मुलाला हुन्नर द्या आणि मुलीला कर्जाचा पलंग देऊ नका. मुलाकडच्यांनीही 'लागेल ते द्याल' हे गोड वाक्य सोडावे. लागेल ते दोघे मिळून, कमावून, पारखून घेतील. आमची पुतणी आणि जावई सध्या जमिनीवर गादी टाकून झोपतात. ओलीसाठी खाली मिस्त्रींनी सागाच्या जुन्या चौकटीच्या फळ्यांचा बुटका चौथरा करून दिला आहे. मजुरीसह अडीच हजारांत झाला. परवा आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा जावयाने आम्हांला घरातली एकुलती एक खुर्ची दिली आणि स्वतः चौथऱ्यावर बसला. मिस्त्रीही तिथेच होते, दाराशी उभे. पुतणीने शेजारून दुसरी खुर्ची मागून आणली आणि म्हणाली, "मिस्त्रीकाका, आधी तुम्ही बसा."

जयभीम.