आधी नक्षी, मग रापी

घरच्या घरी कातडीकाम शिकणाऱ्या मुला-मुलींची एक तक्रार आमच्या कानावर वरचेवर येते. पाकिटाचे दोन तुकडे एकाच मापाने कापले. एकावर वेलबुट्टी ठोकली, दुसरा साधा ठेवला. शिवायला बसल्यावर पाहावे तर नक्षीचा तुकडा तीन-चार मिलिमीटर मोठा झालेला, एक कोपरा तिरका गेलेला आणि आधीच पाडून ठेवलेली भोके एकमेकांसमोर येईनात. ओढूनताणून शिवले तर पाकीट वाकडे दिसते. वाढलेला भाग कापावा तर नक्षीची किनार जाते.

कातडे महाग, दोन दिवसांची मेहनत वेगळीच. ईदच्या नाहीतर लग्नसराईच्या ऑर्डरी घेऊन घराला हातभार लावणाऱ्याला असे चार तुकडे वाया गेले की नफा संपला. वाकडी वस्तू गुपचूप गिऱ्हाइकाच्या हाती सरकवणे तर आपल्याला शोभत नाही. तेव्हा नक्षी ठोकताना कातडे वाढू नये म्हणून काय करावे, ते या वेळी पाहू.

कातडे वाढते कशामुळे?

कातडे कापडासारखे उभ्या-आडव्या धाग्यांत विणलेले नसते. ते बारीक तंतूंचे गुंतलेले जाळे असते. पाणी लागले की तंतू मऊ पडतात, म्हणूनच त्यावर ठसा उमटतो. पण ठशावर घाव बसला की खाली दबलेले तंतू आजूबाजूलाही सरकतात. एका घावाने ते केसभरही सरकत नसतील, पण एका पाकिटावर असे शेकडो घाव बसतात. कातडे वाळले की तंतू सरकल्या जागीच घट्ट होतात. ज्या गुणामुळे नक्षी टिकते, त्याच गुणामुळे वाढही टिकते. ती नंतर मागे नेता येत नाही, आधीच रोखावी लागते.

तुकडा कुठला घ्यावा?

नक्षीसाठी झाडाच्या सालीने कमावलेले कातडेच लागते. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते या जातीचे. क्रोमने कमावलेले मऊ कातडे पर्सला छान, पण त्यावर ठसा नीट टिकत नाही. दुकानदाराला हे स्पष्ट विचारा. कातडे कोणत्या जनावराचे आहे हेही त्याच वेळी विचारून घ्या, कारण अस्तरासाठी डुकराचे कातडेही बाजारात येते.

एकाच कातड्याचे सगळे भाग सारखे ताणत नाहीत. कण्याच्या दोन्ही बाजूंचा पाठीचा भाग घट्ट असतो आणि सर्वांत कमी वाढतो. पोटाकडचा भाग सैल, तो सर्वांत जास्त वाढतो. स्वस्त मिळतो म्हणून पोटाचा तुकडा घेतला की पुढचे सगळे उपाय अर्धेच लागू पडतात. कमरेचा पट्टा तर नेहमी पाठीच्या भागातून, कण्याच्या दिशेने लांब कापावा. जाडीही पाहावी. पातळ कातडे जाड कातड्यापेक्षा लवकर पसरते, म्हणून पाकिटाच्या दर्शनी बाजूला दीड ते दोन मिलिमीटरच्या खाली जाऊ नये.

पाणी बेताने

निम्मी वाढ पाण्याच्या अंदाजात असते. ओल्या स्पंजने वरची बाजू एकसारखी भिजवावी, पण तुकडा बादलीत बुडवून ठेवू नये. नंतर थांबावे. रंग जवळजवळ पहिल्यासारखा दिसू लागला, पण गालाला लावल्यावर गार वाटले, की कातडे तयार झाले. ठसा मारताच बाजूने पाणी वर येत असेल तर ते फार ओले आहे. अशा वेळी नक्षी पसरट उमटते आणि तुकडाही फार वाढतो. उलट ठसा उमटावा म्हणून जोर करावा लागत असेल तर कातडे कोरडे पडले आहे. ठोकता ठोकता सुकले तर वरून हलकेच पुसून घ्यावे, पुन्हा चिंब करू नये.

पाठीला आधार

खरा बंदोबस्त इथे आहे. कातड्याची मागची बाजू एखाद्या न ताणणाऱ्या वस्तूला चिकटवली की तंतूंना बाजूला सरकायला वाव उरत नाही.

पाकीट, पट्टा अशा कामाला पॅकिंगची रुंद चिकटपट्टी पुरते. मागची बाजू आधी घासून गुळगुळीत करावी, म्हणजे पट्टी नीट बसते. पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लावाव्यात आणि वाटीच्या बुडाने दाबून घोटाव्यात. हे सगळे कातडे कोरडे असतानाच करायचे, कारण ओल्या कातड्याला पट्टी धरत नाही. मुलांच्या वह्या-पुस्तकांना लावतो ते चिकट प्लास्टिकही चालते.

डायरीचे कव्हर किंवा रिहलवर अंथरायचा तुकडा मोठा असतो. तो सनमायकाच्या किंवा जुन्या एक्स-रे फिल्मच्या तुकड्यावर रबर सोल्यूशनने चिकटवावा. दोन्हीकडे पातळ थर द्यावा, हाताला ओला लागेनासा झाला की मग जोडावे. हे सोल्यूशन पेट घेते, म्हणून चुलीपासून दूर आणि खिडकी उघडी ठेवून काम करावे. काम संपून कातडे पूर्ण वाळले की आधार एका टोकाकडून सावकाश सोलावा. झटका दिला तर कातडे पुन्हा ताणते.

ही युक्ती नवी नाही. इजिप्तच्या ममलूक काळातील (१२५० ते १५१७) जिल्दसाज कुरआनच्या प्रतींना जी जिल्द चढवत, तिच्यात कागदाचे थर चिकटवून केलेला पुठ्ठा असे. कातडे आधी त्या पुठ्ठ्यावर चढवायचे आणि मग लहान लहान ठशांनी तारे, गाठी, भौमितिक जाळ्या उमटवायच्या, अशी ती पद्धत. त्या नक्षीत एका रेषेचा कोन चुकला तर पुढचा सगळा तारा बिघडतो. पाठीशी पुठ्ठा असल्यामुळे कातडे हलत नसे.

ठोकण्याची रीत

खाली ग्रॅनाइटची किंवा कडाप्प्याची सपाट लादी घ्यावी. लाकडी पाट घाव खातो, मग आपण जास्त जोराने ठोकतो. लोखंडी हातोडीऐवजी लाकडी मोगरी वापरावी. एका कोपऱ्यात सगळे काम संपवून पुढे सरकण्यापेक्षा आधी सगळीकडे हलका हात फिरवावा आणि दुसऱ्या फेरीत खोली द्यावी. फुलापानांमागची जमीन दाबताना सर्वांत जास्त घाव बसतात आणि तिथेच कातडे जास्त पसरते. सुरुवातीला अशी भरगच्च नक्षी टाळलेली बरी.

कापायचे शेवटी

इतके करूनही थोडी वाढ होऊ शकते. म्हणून सर्वांत स्वस्त उपाय हा की तुकडा आधी नेमका कापूच नये. चारही बाजूंनी दीड-दोन सेंटिमीटर जास्त ठेवावे. नक्षी पुरी करावी, तुकडा सावलीत, सपाट जागी, वर कापड घालून आणि वजन ठेवून वाळवावा, मग आधार सोलावा. त्यानंतर पुठ्ठ्याचा नमुना नक्षीवर मध्यभागी बसवून रेघ मारावी आणि मग रापी चालवावी. शिवणीची भोकेही त्यानंतरच, समोरचा तुकडा खाली धरून पाडावीत. साधा तुकडा नक्षीच्या तुकड्यावरून कापला की दोन्हींचा मेळ बसतोच.

नवे कातडे आणले की पहिल्याच दिवशी त्याच्या कडेचा दहा सेंटिमीटरचा चौकोन कापून घ्या. अर्ध्या जागेत नक्षी ठोका, वाळवा आणि दोन्ही बाजू पुन्हा मोजा. दुसऱ्या चौकोनाला पाठीमागे चिकटपट्टी लावून तेच करा. दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा. आपले कातडे आणि आपला हात किती वाढवतो, हे त्या वहीतून कळेल. मगच गिऱ्हाइकाला तारीख सांगा.