बाईचे डोळे शेवटीच का?

कोरोनाच्या साथीचा हिशेब आपण मृत्यूंच्या आकड्यात मांडतो. त्या दोन वर्षांत ज्यांची नजर गेली, त्यांची गणती कोण करणार? यवतमाळ जिल्ह्यात बचत गटांसोबत काम करताना मला हा प्रश्न सतत पडतो.

मधुमेह हा श्रीमंतांचा आजार, हा समज आता सोडून द्यायला हवा. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे दहा कोटी लोकांना तो आहे. साखर महिनोन्‌महिने वाढलेली राहिली की डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, पाझरतात. पुढे नव्या, कमकुवत वाहिन्या फुटून डोळ्यात रक्त उतरते. हे सारे सुरुवातीला मुकाट चालते. ना दुखत, ना खुपत. दिसेनासे होते तेव्हा बरेच नुकसान झालेले असते. लेसर आणि डोळ्यातली इंजेक्शने उरलेली नजर राखतात. गेलेली सगळी परत येईलच असे नाही. म्हणून मधुमेह असणाऱ्या प्रत्येकीने वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायला हवा.

साथीने नेमके हेच तोडले. मार्च २०२० मध्ये एसटी थांबली. जिल्ह्याबाहेर जाणारी गाडी सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. सेवाग्राम-नागपूरची वारी बुडाली, इंजेक्शनच्या तारखा हुकल्या. रेशनवर मोफत धान्य मिळाले, त्याने पोट भरले हे खरेच. पण मजुरी नाही, कापूस घरात पडून, तिथे डाळ-भाजी कुठून येणार? ताटात भातच वाढला. फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्या जिल्ह्यावर पुन्हा निर्बंध आले. गंभीर रुग्णांना स्टेरॉइड द्यावे लागले, त्यानेही साखर वाढते. त्याच वर्षी काळ्या बुरशीने राज्यात हजारोंना गाठले. त्यात मधुमेही फार होते, आणि काहींचा डोळाच काढावा लागला.

पण मैत्रिणींनो, सगळा दोष साथीवर टाकून भागेल का? पडदा तपासताना डोळ्यात थेंब घालतात, काही तास धूसर दिसते, सोबत कुणीतरी लागते. म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. नवऱ्यासाठी, सासऱ्यासाठी ती बुडवली जाते. बाईसाठी ‘पुढच्या महिन्यात पाहू’. ती स्वतःही तेच म्हणते, कारण लहानपणापासून तिला तेच शिकवले. घरातली एकच गोळ्यांची पट्टी दोघांत वाटायची वेळ आली, तर कमी कुणी घ्यायच्या हे विचारावे लागत नाही. आपल्या जिल्ह्यात नवऱ्याच्या आत्महत्येनंतर एकट्या शेती ओढणाऱ्या कितीतरी जणी आहेत. त्यांची नजर गेली तर निंदण, वेचणी, हिशेबाची वही, सारेच थांबेल.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात पडद्याचा फोटो काढण्याची सोय हवी. तो दूरच्या डॉक्टरला पाठवून तपासता येतो. पुढच्या साथीत मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन आणि डोळ्यांची इंजेक्शने अत्यावश्यक सेवेत धरावीत. गोळ्या घरी पोचवण्याचे काम आशाताईंवर टाकणार असाल, तर त्याचा पुरेसा मोबदलाही द्यावा. बाईच्या आरोग्याची किंमत दुसऱ्या बाईच्या फुकट कष्टांतून वसूल होऊ नये.

आणि तोवर एक काम आपल्या हातात आहे. बचत गटाच्या वहीत कर्जाच्या हप्त्याशेजारी एक रकाना आखू या: डोळे कधी तपासले? ज्या बाईसमोर तो कोरा दिसेल, तिच्यासोबत आपल्यापैकी एकीने जायचे.