चार चौकटींपुरती सवड

मैत्रिणींनो, मागच्या आठवड्यात एका वाचक भगिनीचं पत्र आलं. पत्र कसलं, चार पानी गाऱ्हाणंच म्हणा ना! त्या लिहितात, "शाळेत असताना भित्तिपत्रकासाठी मी चित्रकथा काढत असे. एलिमेंटरी, इंटरमीजिएट दोन्ही परीक्षा झाल्या आहेत. आता घर, दोन मुलं, आला-गेला. दुपारी तासभर मिळतो, पण कागद पुढे ओढला की काही सुचतच नाही. हा नाद आता सोडून द्यावा का?"

ताई, नाद सोडायच्या आधी माझी हकीकत ऐका. लग्नानंतर माझीही रंगपेटी माळ्यावर गेली ती गेलीच. नऊ वर्षं मी "वेळ मिळाला की काढीन" म्हणत होते. मग एकदा पाचवीच्या वर्गात 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण काही केल्या मुलांच्या गळी उतरेना, म्हणून फळ्यावर चार चौकटी आखल्या आणि कमरेवर हात ठेवून अंगणाला रागावणारी एक बाई काढली. वर्ग खदाखदा हसला. त्या रात्री जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर मी पुन्हा पेन्सिल टेकवली.

तरी खरी अडचण पुढेच होती. काढायचं काय? मी राजकन्या काढल्या, परग्रहावरची माणसं काढली. दोन पानांत दम संपला. त्या राजकन्येला सकाळी उठून डबे करायचे नव्हते, मग तिच्याबद्दल मला काय ठाऊक असणार?

आपल्या लाडक्या चिंटूचंच बघा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ साली 'सकाळ'मध्ये तो सुरू केला. त्यात आहे काय? अभ्यास, खोड्या, आईची बोलणी, शेजारपाजारची मित्रमंडळी. जे आपल्या घरात घडतं तेच. म्हणून तर सकाळी पेपर आला की घरोघरी आधी तो बघितला जायचा.

जपानातल्या माचिको हासेगावा या बाईंनी तर १९४६ मध्ये, महायुद्धानंतरच्या टंचाईच्या दिवसांत, फुकुओकाच्या एका स्थानिक दैनिकात 'साझाए-सान' ही चित्रमाला सुरू केली. चार चौकटी, एकाखाली एक. नायिका कोण, तर तुमच्या-आमच्यासारखी धांदरट, तोंडाळ, प्रेमळ गृहिणी. नवरा राहतो तिच्या माहेरी (हे वाचून मी दोनदा हसले!), शिवाय आईवडील, धाकटी भावंडं आणि एक लहानगा. घरातल्या सगळ्यांची नावं समुद्रातल्या वस्तूंवरून, शिंपले, मासे, शेवाळ अशी. ही मालिका पुढे 'असाही शिंबुन' या मोठ्या दैनिकात गेली आणि १९७४ पर्यंत चालली. पुस्तकं काढायला या बहिणी-बहिणींनी स्वतःचीच प्रकाशन संस्था थाटली. आपल्याकडेही मंजुला पद्मनाभन यांची 'सुकी' १९८० नंतरच्या दशकात मुंबईच्या 'संडे ऑब्झर्व्हर'मध्ये येत असे. तेव्हा बायकांचं हे काम नव्हे, असं कुणी म्हणालं तर खुशाल ही नावं सांगा.

आता कृती. साहित्य फार नको. पाठकोरे कागद, एक टूबी पेन्सिल, खोडरबर, पट्टी आणि न फुटणाऱ्या शाईचं काळं पेन.

१. स्वयंपाकघरात, हाताला येईल अशी एक लहान वही ठेवा. दिवसभरात घरात, बसमध्ये, भाजीवाल्याकडे ऐकलेलं एक वाक्य रोज टिपा. विनोदी असलंच पाहिजे असं नाही. सुचण्याची वाट बघू नका, ऐकत चला.

२. त्यातलं एक वाक्य चार चौकटींत बसवा. पहिलीत प्रसंग, दुसरीत तोच पुढे, तिसरीत अडथळा, चौथीत कलाटणी. उदाहरणार्थ : बाई दुधाकडे बघत उभी. बाई अजून बघतेच आहे. दारावरची घंटा. चौथीत दारात शेजारीण, "घाईत नाही ना तुम्ही?", आणि मागे गॅसवर दुधाचा धबधबा!

३. आधी शब्द लिहा, मग त्याभोवती फुगा काढा. उलटं केलंत तर शब्द मावत नाहीत. आधी बोलणारा माणूस डावीकडे हवा. एका फुग्यात आठ-दहा शब्द पुरे.

४. प्रत्येक माणसाला एक खूण द्या. कुणाला चष्मा, कुणाला अंबाडा, कुणाची शेंडी उभी. चेहरा दर चौकटीत थोडा बदलला तरी ओळख पटते.

५. पेनने गिरवल्यावर शाई पूर्ण वाळू द्या, मगच पेन्सिल खोडा. माझी तीन चित्रं घाईपायी काळी झाली.

६. सगळ्यांत मोलाची गोष्ट : चौथी चौकट पेन्सिलीतच ठेवून उठा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदाला तोंड द्यावं लागत नाही, हात आपसूक सुरू होतो.

अशा रीतीने माझ्या वहीत चाळीसेक चित्रपट्ट्या जमल्या. आणि मग ते घडलं, ज्याची मला धास्ती होती. एक दिवस शाळेतून आले, तर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, चष्मा लावून, वही मांडीवर घेऊन बसलेल्या! त्यात आमटीतल्या मिठावरून झालेला सबंध संवाद होता. माझ्या पोटात गोळाच आला.

त्या रागावल्या नाहीत. पानं उलटत म्हणाल्या, "सगळ्यांची तोंडं काढलीस. मी मेली सगळीकडे पाठमोरीच का गं?"

मी पाहिलं. खरंच होतं. चाळीस चित्रांत आई ओट्याशी उभ्या, पदर खोचलेला, अंबाडा आणि पाठ. "चेहरा अवघड जातो हो," मी म्हटलं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. अकरा वर्षं एका घरात राहून मी त्यांच्या चेहऱ्याकडे निवांत पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मेथी निवडायला बसल्या आणि मी समोर वही घेऊन. तीनदा खोडलं. तोवर त्या बोलत होत्या. माहेरी चैत्रांगण त्याच काढायच्या. चंद्र, सूर्य, कासव, गौरीचा पाळणा सगळं रीतीप्रमाणे. पण कोपऱ्यात गुपचूप आपल्या घरची गाय. "आजी ओरडायची, चैत्रांगणात आपली कपिला कशाला? मी म्हणायची, तिनं कुठं जावं मग?" फ्लॅटमध्ये आल्यापासून अंगण नाही, म्हणून चैत्रांगणही नाही. इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

ती चित्रपट्टी मी केली. पहिल्या चौकटीत आईंचा चेहरा आहे. नाक जरा वाकडं आलंय, हे त्यांनी लगेच दाखवून दिलं. मिठाची पट्टी मात्र मी त्यांना विचारूनच वहीत ठेवली. घरच्यांना चितारताना एवढं पथ्य पाळावं. हसावं ते सगळ्यांनी मिळून.

तेव्हा ताई, उत्साह आधी आणि चित्र नंतर, असं नसतं. पेन्सिल हातात घेऊन समोरच्या माणसाकडे बघायला लागलं की तो मागाहून येतो. उद्या दुपारी कागदावर चार चौकटी तेवढ्या आखून ठेवा. आमच्याकडे तर आता आईच जेवणं झाली की विचारतात, "अगं, आजचं टिपलंस का?"